‘ट्रान्सजेनिक चाचणी निगेटिव्ह’ म्हणजे नेमकं काय तपासलं?

बडोद्याजवळच्या नंदेसरी, रणोली, पादरा या पट्ट्यात काम करणाऱ्या बहुतेकांच्या हाताखालून सेफ्टी डेटा शीट, म्हणजे रसायनाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, गेलेली असते. सोळा कलमांच्या त्या कागदात अकरावं कलम विषारीपणाच्या माहितीचं. तिथे हल्ली अधूनमधून अशी एक ओळ दिसते: ‘जनुकीय उत्परिवर्तन, ट्रान्सजेनिक उंदीर, ओईसीडी ४८८, निगेटिव्ह’. वाचणारा हुश्श करतो आणि पुढच्या कलमाकडे वळतो.

त्या ओळीवर थोडं थांबायला हवं. ट्रान्सजेनिक म्हणजे बाहेरचं जनुक घातलेला, आणि ओईसीडी ही आर्थिक सहकार्याची आंतरराष्ट्रीय संघटना, जिच्या रसायन-चाचण्यांच्या मार्गदर्शिका क्रमांकाने ओळखतात. कोणता प्राणी, कोणता अवयव, किती दिवस डोस, आणि रसायन त्या अवयवापर्यंत पोचलं होतं का, हे कळल्याशिवाय त्या ‘निगेटिव्ह’ला वजन येत नाही. जनुक बदललेला प्राणी एका ठरावीक प्रश्नासाठी घडवलेला असतो आणि तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. भलत्या प्राण्याला भलता प्रश्न विचारला, तर मिळणारं उत्तर चुकीचं असतंच, शिवाय ते दिलासा देणारं असतं, आणि खरा धोका तिथेच आहे. बडोद्यात रिफायनरी, पेट्रोकेमिकल, औषधं नाहीतर रंगांचा कच्चा माल यांत कुणीच नाही असं मराठी घर शोधावं लागेल. म्हणून ही ओळ कशी वाचायची ते जरा तपशिलात पाहू.

जिवाणूच्या थाळीपासून उंदरापर्यंत

डीएनएच्या बाबतीत नव्या रसायनाची पहिली परीक्षा जिवाणूंवर होते. एम्स चाचणीत (शास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांच्या नावाची) साल्मोनेलाचे असे वाण घेतात, ज्यांच्या एका जनुकात आधीच बिघाड आहे आणि त्यामुळे त्यांना हिस्टिडिन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही. हिस्टिडिन जवळजवळ नसलेल्या थाळीवर ते वाढत नाहीत. रसायनाने डीएनए बदलला आणि त्यात तो बिघाड सुधारला गेला, तर त्या एका जिवाणूची वसाहत डोळ्यांना दिसते. कित्येक रसायनं मुळात निरुपद्रवी असतात आणि शरीरातल्या एन्झाइममुळे घातक बनतात. जिवाणूत ती एन्झाइम नसतात, म्हणून रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) लिव्हरचा ‘एस-९’ नावाचा अर्क सोबत घालतात. दोन-तीन दिवसांत थाळ्या मोजता येतात, खर्च कमी, प्राणी जवळजवळ लागत नाही.

एम्स पॉझिटिव्ह आली तर इतकंच ठरतं की हे रसायन डीएनएला हात लावू शकतं. जिवंत शरीरात लिव्हर त्याला निष्प्रभ करतं का, ते लघवीवाटे निघून जातं का, पेशी दुरुस्ती वेळेत करते का, हे थाळी सांगत नाही. मग प्राण्याकडे जावं लागतं.

वर्षानुवर्षं यासाठी उंदराच्या बोन मॅरोतली मायक्रोन्यूक्लियस चाचणी लावली जायची. ती चांगली चाचणी आहे, पण तिचा प्रश्न वेगळा. गुणसूत्रांचे तुकडे पडले का किंवा पेशी विभागताना गुणसूत्रं मागे राहिली का, हे ती बघते. जनुकातलं एखादं अक्षर बदललं असेल तर ते तिला दिसत नाही. आणि ती बघते तेही बोन मॅरोतच.

यातून काय निसटतं, त्याचं ठळक उदाहरण एनडीएमए. २०१८ साली व्हल्सार्टन या रक्तदाबाच्या गोळ्या जगभर परत मागवल्या गेल्या, त्या या अशुद्धीमुळे. डायमिथाइलफॉर्मामाइड हे सॉल्व्हंट, त्यातून सुटणारं डायमिथाइल अमाइन, आणि उरलेलं अझाइड नष्ट करायला घातलेलं सोडियम नायट्राइट आम्लात एकत्र आलं की एनडीएमए तयार होतं. पादऱ्याकडच्या औषध कारखान्यांत काम करणाऱ्या केमिस्टला ही तिन्ही नावं रोजची आहेत. एनडीएमए स्वतः फार क्रियाशील नाही. लिव्हरमधलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम त्याचं अतिशय अल्पायुषी, क्रियाशील रूप तयार करतं. ते रूप जिथे जन्मतं तिथेच, म्हणजे लिव्हरमध्ये, डीएनएवर घाव घालतं आणि बोन मॅरोपर्यंत पोचायच्या आत संपतं. म्हणून बोन मॅरोच्या चाचणीत हे ओळखीचं कर्ककारक रसायन सुटून जाऊ शकतं. ट्रान्सजेनिक उंदराच्या लिव्हरमध्ये मात्र ते पॉझिटिव्ह येतं, कारण तिथे लिव्हर तपासता येतं. हवा तो अवयव तपासता येणं, हीच या प्राण्यांची खरी किंमत.

उंदरात पेरलेलं जनुक

जनुकातलं एक अक्षर बदललेली पेशी लिव्हरच्या कोट्यवधी पेशींत शोधायची कशी? यावर १९८०च्या दशकाच्या शेवटी निघालेली युक्ती अशी. जिवाणूचं एक जनुक लॅम्डा नावाच्या विषाणूच्या डीएनएत बसवायचं आणि तो सगळा तुकडा उंदराच्या फलित अंड्यात सोडायचा. लॅम्डा फक्त जिवाणूंना लागतो, उंदराला त्याचं काहीच होत नाही. म्युटा माऊस या वाणात अशा सुमारे ४० प्रती तिसऱ्या गुणसूत्रावर एकामागोमाग बसलेल्या आहेत आणि त्यातलं तपासायचं जनुक आहे लॅकझेड. बिग ब्लू उंदीर व रॅटमध्ये लॅकआय आणि सीटू ही जनुकं, जपानमध्ये तयार झालेल्या जीपीटी डेल्टात जीपीटी.

उंदराच्या पेशीला या जनुकाचा काही उपयोग नसतो. त्यात बिघाड झाला तरी पेशी मरत नाही आणि जोमाने वाढतही नाही. त्यामुळे २८ दिवसांत झालेले बिघाड साठत जातात, गाळले जात नाहीत. शिवाय हे जनुक शरीराच्या प्रत्येक पेशीत आहे. लिव्हर, जठर, मूत्राशय, फुप्फुस, वृषण, कुठलाही तुकडा घ्या.

डोस संपल्यावर अवयवातून डीएनए काढतात आणि लॅम्डाच्या प्रथिनांच्या तयार अर्कात मिसळतात. अर्क आपणहून लॅम्डाचे तुकडे ओळखतो, कापतो आणि विषाणूच्या डोक्यात भरतो. आता उंदराच्या शरीरातलं जनुक विषाणूत आलं. हे विषाणू ई. कोलाय जिवाणूंवर सोडायचे आणि आगरवर पसरायचे. जिवाणूंचा दुधट थर वाढतो आणि जिथे विषाणूने जिवाणू फोडले, तिथे आंबोळीला जाळी पडावी तशी स्वच्छ भोकं पडतात. एक भोक म्हणजे एक विषाणू, म्हणजे उंदराच्या जनुकाची एक प्रत. या भोकाला प्लाक म्हणतात.

लाखो प्लाकमधून बिघडलेले वेगळे काढायची पद्धत फार सुंदर आहे. म्युटा माऊससाठी गॅलई हे जनुक नसलेले जिवाणू घेतात आणि आगरात फिनाइल-गॅलॅक्टोसाइड घालतात. लॅकझेड शाबूत असेल तर ते या पदार्थातून गॅलॅक्टोज सोडवतं, गॅलईविना तो पचत नाही, त्याचं विषारी रूप साठतं आणि जिवाणू विषाणूसकट थंडावतो. प्लाक पडत नाही. लॅकझेड बिघडलेलं असेल तर विष तयारच होत नाही आणि प्लाक पडतो. म्हणजे निवडीच्या थाळीवर दिसणारा प्रत्येक प्लाक हा बिघाड. त्याच विषाणूंचा पातळ केलेला अंश साध्या थाळीवर लावून एकूण प्लाकचा अंदाज घ्यायचा. बिघडलेले भागिले एकूण, ही म्युटंट फ्रीक्वेन्सी. डोस न दिलेल्या उंदरातही लाखामागे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके बिघाड असतातच. ते शून्य दिसले तर आनंद मानू नये, आधी थाळ्या तपासाव्यात.

अठ्ठावीस दिवस, आणि मग तीन

प्रमाण पद्धत ओईसीडीच्या ४८८ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत आहे. ती २०११ साली आली, नंतर सुधारत गेली. तीन डोस आणि एक फक्त वाहक द्रव मिळणारा गट, प्रत्येक गटात निकाल देणारे किमान पाच प्राणी. रोज एक डोस, सलग २८ दिवस. बहुधा तोंडातून नळीने थेट जठरात, १०० ग्रॅम वजनाला सहसा १ मिलिलिटरपेक्षा जास्त नाही. २५ ग्रॅमच्या उंदराला म्हणजे पाव मिलिलिटर. वरचा डोस असा की प्राण्याला झेपेल पण परिणाम जाणवेल. विषारीपणा दिसलाच नाही तर रोज १ किलो वजनाला १००० मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा.

डोस थांबल्यावर तीन दिवसांनी अवयव काढतात. डीएनएवर रसायन चिकटलं म्हणजे म्युटेशन (उत्परिवर्तन) झालं असं नाही. पेशी विभागते, नक्कल करताना चुकीचं अक्षर बसतं, तेव्हा बिघाड कायमचा होतो, आणि त्याला वेळ लागतो. बोन मॅरो किंवा आतड्याचं अस्तर भरभर विभागतं, लिव्हर सावकाश. शुक्राणूंचा हिशेब आणखी वेगळा: मूळ पेशीपासून तयार शुक्राणू साठवणीच्या जागी पोचायला उंदरात सुमारे ४९ दिवस, रॅटमध्ये सुमारे ७०. तीन दिवसांनी काढलेले शुक्राणू डोस सुरू व्हायच्या आधीच बऱ्याच अंशी घडलेले असतात. त्यांना निगेटिव्ह म्हणणं म्हणजे न झालेल्या परीक्षेचा निकाल लावणं. २०२०च्या सुधारणेने म्हणूनच जननपेशींसाठी २८ दिवस डोस आणि २८ दिवस वाट, असा आराखडा सांगितला. वृषणातल्या नलिकांमधल्या पेशी त्यात नीट तपासता येतात, आणि लिव्हरसारख्या संथ अवयवालाही हा काळ चालतो.

काढलेला अवयव लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवतात आणि उणे ७० अंश किंवा त्याहून खाली ठेवतात. मधे एकदा जरी तो विरघळला, तर पेशीतलीच एन्झाइम डीएनए कुरतडतात. सगळा खेळ लांब, अखंड डीएनएवर अवलंबून आहे. तुकडे झालेला डीएनए लॅम्डाच्या डोक्यात भरला जात नाही, प्लाक कमी पडतात, आणि मग कमी प्लाकवर काढलेली टक्केवारी वाऱ्यावर हलते. बारीक टोकाच्या पिपेटने जोरात वरखाली करणं हे डीएनए तुटण्याचं फार सामान्य कारण. रुंद टोक, हलका हात आणि डीएनए एक रात्र आपणहून विरघळू देणं, एवढ्याने बरंच वाचतं. प्रत्येक नमुन्यामागे साधारण सव्वा ते तीन लाख प्लाक हवेत. एका भरणीत आले नाहीत तर त्याच डीएनएची पुन्हा भरणी करून बेरीज करतात. मोजणीला सोपं म्हणून प्लाक थोडकेच ठेवणं ही महागात पडणारी काटकसर, कारण दुर्मिळ घटना मोजायची तर भाजक मोठाच लागतो.

बिग ब्लूच्या सीटू चाचणीत तर सगळी निवड तापमानावर चालते. २४ अंशाला फक्त बिघडलेले विषाणू प्लाक पाडतात, ३७ अंशाला सगळेच. इनक्युबेटर थोडा जरी वर सरकला की चांगले विषाणूही प्लाक पाडू लागतात आणि निर्दोष रसायन दोषी ठरतं. मे महिन्यात बडोद्यात बाहेर ४२-४३ अंश असताना, वीज जाऊन परत आलेल्या रात्रीची तापमानाची नोंद बघितल्याशिवाय त्या थाळ्या मोजू नयेत. गार करण्याची सोय असलेला इनक्युबेटर आणि त्याला स्वतंत्र वीजपुरवठा ही इथे चैन नाही.

आणखी एक गडबड प्राण्याच्या शरीरातच होते. एका पेशीत लवकर बिघाड झाला आणि तिची पुढे भरपूर पिल्लावळ झाली, तर तोच एक बिघाड शेकडो प्लाक होऊन दिसतो. पाचातला एक प्राणी इतरांच्या कित्येक पट वर गेला की हीच शंका घ्यायची आणि त्या प्लाकमधल्या जनुकाचा क्रम वाचायचा. सगळ्यांत तेच अक्षर तसंच बदललेलं निघालं तर तो एकच अपघात. म्हणूनच आकडेवारीत मोजायचा एकक प्राणी धरतात, प्लाक नव्हे. ज्या अहवालात फक्त गटाची सरासरी आहे आणि प्रत्येक प्राण्याचा आकडा नाही, तो अपुरा समजावा.

या पद्धतीला काही मर्यादा जन्मजात आहेत. लॅम्डाच्या डोक्यात ठरावीक लांबीचाच डीएनए मावतो, त्यामुळे मोठे तुकडे गळून पडले असतील तर ते दिसत नाहीत. जीपीटी डेल्टात मध्यम आकाराचे लोप पकडायची वेगळी सोय आहे, म्युटा माऊसमध्ये नाही. गुणसूत्रं तुटण्याची शंका असेल तर मायक्रोन्यूक्लियस सोबत हवीच.

पुन्हा मूळ मुद्दा, रसायन पोचलं का. आतड्यातून शोषलंच न गेलेल्या रसायनाचं लिव्हरमधलं ‘निगेटिव्ह’ काही सिद्ध करत नाही. अहवालात रक्तातलं प्रमाण, लघवीतला चयापचयाचा पदार्थ, निदान त्या अवयवावर दिसलेला परिणाम असा काहीतरी पुरावा असायला हवा. ॲझो रंगांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं. आतड्यातले जिवाणू तो रंग फोडून ॲरोमॅटिक अमाइन मोकळे करतात, आणि बेंझिडिनसारख्या अमाइनचं माणसातलं लक्ष्य आहे मूत्राशय. अशा रसायनासाठी लिव्हरच तपासून थांबलेला अहवाल अर्धा आहे. तोंडावाटे दिलेल्या, लगेच क्रिया करणाऱ्या रसायनासाठी जठर आणि ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) तपासलेलं हवं, कारण पहिला घाव तिथे बसतो.

कर्करोग लवकर दाखवणारा उंदीर

म्युटेशन म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोगाची जुनी परीक्षा दोन वर्षं चालते: चार गट, प्रत्येक गटात ५० नर व ५० माद्या, म्हणजे एका प्रजातीमागे ४०० प्राणी. औषधांच्या बाबतीत १९९७ पासून उंदरावरच्या दोन वर्षांच्या प्रयोगाऐवजी जनुक बदललेला उंदीर चालतो. आज त्यासाठी सर्वाधिक वापरला जातो तो आरएएसएच-२. माणसाचं एच-रास हे जनुक त्यात जादा बसवलेलं आहे. पेशीच्या वाढीचा हुकूम देणारं हे जनुक आधीच जोरात असल्याने बाकीचे धक्के कमी लागतात आणि गाठी सहा महिन्यांत दिसतात. २६ आठवडे, प्रत्येक गटात २५ नर व २५ माद्या. सोबत एक छोटा गट मिथाइल-नायट्रोसोयुरिया या ओळखीच्या कर्ककारक रसायनाचा, ज्यात लिम्फोमा (लसीका-पेशींचा कर्करोग) आणि जठराच्या पुढच्या भागात गाठी यायलाच हव्यात. तिथे आल्या नाहीत तर सगळा प्रयोग बाद.

इथे दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, पिल्लांची जनुक-तपासणी. हे जनुक एकाच पालकाकडून येतं, म्हणून निम्मीच पिल्लं ट्रान्सजेनिक असतात. शेपटीच्या टोकाच्या डीएनएवर पीसीआर करून ती वेगळी काढतात. पिंजऱ्याची चिठ्ठी बदलली गेली की साधे उंदीर प्रयोगात शिरतात, त्यांना गाठी येत नाहीत, आणि रसायन सुरक्षित भासतं. प्रयोग संपल्यावर पुन्हा एकदा तपासणी करणं त्रासाचं आहे, पण करावं. दुसरं, या उंदरात फुप्फुसाच्या गाठी आणि प्लीहेचे हिमॅन्जिओसार्कोमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींचे कर्करोग) आपसूकही येतात. प्रयोगशाळेकडे स्वतःच्या जुन्या प्रयोगांचे आकडे नसतील तर तीन-चार गाठींचा अर्थ लावता येत नाही.

उरलेल्या निम्म्या साध्या पिल्लांचं काय, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा. चांगल्या ठिकाणी डोस ठरवण्याचा २८ दिवसांचा आधीचा प्रयोग याच भावंडांवर करतात, त्यांचा जन्म फुकट जात नाही. ‘निम्मे प्राणी वाचतात’ असं छापताना पैदाशीत जन्मलेले सगळे धरावेत, हा प्रामाणिक हिशेब.

औद्योगिक रसायनांसाठी मात्र आरएएसएच-२ हा सरसकट मान्य पर्याय नाही. तिथे ओईसीडी ४५१ची जुनी, लांब चाचणीच प्रमाण आहे. औषधाच्या नियमातला उंदीर कीटकनाशकाच्या फाइलमध्ये टाकून काम होईल असं धरणं धोक्याचं.

जनुक काढून घेतलेले उंदीर

काही उंदरांत जनुक घालत नाहीत, बंद करतात. यांचा उपयोग ‘घातक आहे का’ यापेक्षा ‘कशामुळे घातक आहे’ यासाठी. सीवायपी२ई१ बंद केलेल्या उंदरांना बेंझीन हुंगवलं, तर साध्या उंदरांच्या बोन मॅरोला होणारी इजा त्यांना होत नाही. म्हणजे बेंझीन स्वतः नव्हे, लिव्हरमध्ये त्याचे होणारे पदार्थ बोन मॅरो बिघडवतात. माणसात हे एन्झाइम आहे आणि ते माणसामाणसांत कमी-जास्त असतं. कोयलीच्या टाकीवर काम करणाऱ्या दोघांना तेवढंच बेंझीन लागूनही इजा सारखीच होईल असं नाही, हे यातून कळतं.

पीव्हीसी मऊ करणाऱ्या डीईएचपीची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. त्याने उंदरांच्या लिव्हरमध्ये गाठी येतात. पीपीएआर-अल्फा हा रिसेप्टर (पेशीतलं, रसायनाची खूण ओळखून जनुकं चालू करणारं प्रथिन) त्यामागे असल्याचं दिसलं, आणि माणसाच्या लिव्हरमध्ये हा रिसेप्टर इतका जोरकस प्रतिसाद देत नाही. त्या आधारावर कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००० साली डीईएचपीला खालच्या, ‘वर्गीकरण करता येत नाही’ अशा गटात ठेवलं. पुढे २००७ साली तो रिसेप्टर बंद केलेल्या उंदरांतही डीईएचपीने गाठी आल्याचं प्रसिद्ध झालं. म्हणजे दुसरी वाटही होती. नंतरच्या फेरतपासणीत ते पुन्हा ‘माणसात कर्ककारक असण्याची शक्यता’ या गटात गेलं. एक वाट बंद करून प्राणी वाचला, तर ती वाट महत्त्वाची होती हे कळतं. तेवढी एकच वाट होती, हे त्यातून सिद्ध होत नाही. ‘हा परिणाम फक्त उंदरातला, माणसाला लागू नाही’ हे वाक्य जिथे वाचाल, तिथे हे उदाहरण आठवून पुरावा मागावा.

चमकणारे मासे, चमकणारी बेडकाची पिल्लं

संप्रेरकांत ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांसाठी ओईसीडीच्या तीन चाचण्या जनुक बदललेल्या जलचरांवर आहेत. २४८ क्रमांकाची, बेडकाच्या पिल्लांची, थायरॉइडसाठी. २५०, झेब्राफिशच्या भ्रूणांची, इस्ट्रोजेनसाठी. २५१, मेडाका माशाच्या पिल्लांची, अँड्रोजेनसाठी. तिन्हींत त्या त्या संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या स्विचपुढे हिरवं चमकणारं प्रथिन जोडलेलं आहे. झेब्राफिशची अंडी फलनानंतर काही तासांतच रसायनाच्या पाण्यात ठेवतात, ९६ तासांनी मेंदूतली चमक मोजतात. बेडूक आणि मेडाकाला ७२ तास पुरतात. पिल्लू स्वतः खायला लागण्याआधी चाचणी संपते, म्हणून युरोपीय कायद्यात हा टप्पा प्राणी-प्रयोगात धरत नाहीत.

रंगांच्या धंद्यातल्यांनी इथे सावध राहावं. रसायन स्वतःच हिरवं चमकत असेल तर ते इस्ट्रोजेनसारखं भासतं, आणि गडद असेल तर खरी चमक झाकून टाकतं. चमकणारं जनुक नसलेले साधे भ्रूण त्याच पाण्यात सोबत ठेवले की हा घोळ कळतो. शिवाय शेवटी पाण्यातलं रसायन मोजलेलं हवं. तेलकट, पाण्यात न विरघळणारं रसायन प्लॅस्टिकच्या भांड्याच्या भिंतीला चिकटून बसतं आणि भ्रूणापर्यंत पोचतच नाही.

परवानगी आणि क्रम

भारतात असा प्रयोग दोन वेगळ्या चौकटींतून जातो. प्राणी म्हणून १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालची सीसीएसईए (प्राणी-प्रयोगांवर देखरेख ठेवणारी समिती) आणि संस्थेची प्राणी नीती समिती. जनुक बदललेला जीव म्हणून पर्यावरण कायद्याखालचे १९८९चे नियम, संस्थेची जैवसुरक्षा समिती, आणि गरजेप्रमाणे जैवतंत्रज्ञान विभागाची आरसीजीएम (जनुकीय फेरफारांचा आढावा घेणारी समिती). उंदीर बाहेरून आणायचा तर ही कागदपत्रं पुरवठादाराला ऑर्डर देण्याआधी सुरू करावीत.

निर्यात करणाऱ्याने क्रम उलटा करू नये. युरोपच्या रीच (रसायनांच्या नोंदणीच्या) नियमांत अशा वरच्या पायरीच्या प्राणी-प्रयोगाचा आधी प्रस्ताव द्यावा लागतो, होकार आल्यावर प्रयोग. आधीच करून पाठवलेला प्रयोग चुकीच्या अवयवावर निघाला, तर पैसे गेले आणि प्राणीही. भारत २०११ पासून ओईसीडीच्या परस्पर मान्यता व्यवस्थेचा पूर्ण भागीदार आहे. जीएलपी (प्रयोगशाळेच्या कामाच्या शिस्तीचं) प्रमाणपत्र असलेल्या इथल्या प्रयोगशाळेचा अहवाल त्या देशांत स्वीकारला जातो, तोच प्रयोग तिकडे पुन्हा करावा लागत नाही. प्रयोगशाळा निवडताना मात्र प्रमाणपत्रावर नेमकी कोणती चाचणी लिहिली आहे ते वाचावं. ‘जीएलपी’ हा शिक्का सगळ्या चाचण्यांना एकदम मिळत नाही.

काम देताना प्रयोगशाळेला हे लिहून विचारावं. या वाणावर तुमचे स्वतःचे जुने पार्श्वभूमीचे आकडे आहेत का? पॉझिटिव्ह कंट्रोलसाठी (म्हणजे नक्की बिघाड घडवणारं ओळखीचं रसायन देऊन चाचणी चालते का ते बघण्यासाठी) दर वेळी नवे प्राणी मारता की आधीच्या प्रयोगातला गोठवलेला डीएनए वापरता? ४८८ त्याला परवानगी देते. रक्तातलं प्रमाण कोण मोजणार? लिव्हर आणि जठराचे निकाल येईपर्यंत शुक्राणू आणि वृषणाच्या पेशी गोठवून ठेवणार का? पुढे जननपेशींचा प्रश्न आला आणि नमुने ठेवलेले नसले, तर त्याच रसायनासाठी पुन्हा तेवढेच प्राणी लागतात. युरोपची रसायन संस्था हे नमुने उणे ७० अंशाला पाच वर्षांपर्यंत ठेवायला सांगते.

ट्रान्सजेनिक उंदराचीच गरज कमी करणाऱ्या दोन पद्धती आता हातात आहेत. पिग-ए चाचणी साध्या रॅटच्या रक्ताच्या काही थेंबांवर चालते, २०२२ पासून तिला ओईसीडीचा ४७० क्रमांक आहे. पण ती रक्तपेशींपुरती, एनडीएमएसारखं लिव्हरमध्येच संपणारं रसायन तिलाही चुकवू शकतं. दुसरी डुप्लेक्स सिक्वेन्सिंग. डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर खूण करून दोन्ही वाचायचे, आणि दोन्हीकडे दिसला तोच बदल खरा मानायचा. वाचनातली चूक एक कोटी अक्षरांमागे एकापेक्षाही कमी होते, त्यामुळे कुठल्याही साध्या प्राण्याच्या कुठल्याही अवयवातलं म्युटेशन सरळ वाचता येतं, पेरलेलं जनुक लागत नाही. २८ दिवसांची नेहमीची विषारीपणाची चाचणी, ओईसीडी ४०७, बऱ्याच रसायनांसाठी करावीच लागते. ती लावताना लिव्हर, जठर, ड्युओडेनम, मूत्राशय आणि वृषणाचा छोटा तुकडा वेगळ्या कुपीत द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवायला करारातच लिहावं. फॉर्मेलिनमध्ये घातलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाला चालतो, या कामाला नाही. खर्च प्राण्यामागे पाच कुप्या आणि फ्रीजरमधली थोडी जागा. कुपीवर प्राण्याचा क्रमांक, अवयव, डोस आणि शेवटच्या डोसपासूनचे तास, चारही गोष्टी न पुसणाऱ्या शाईने.